खोलीची किल्ली
खोली सोडण्याची महिन्याची लेखी नोटीस घरमालकीण मेहमुदाचाचींनी निमूट घेतली होती. खोलीची किल्ली मात्र त्या घेईनात. मुदत आज भरत होती, आणि किल्ली परत केल्याखेरीज भाडेकरार संपत नव्हता. पेठ वडगावला बदली झालेले विज्ञानशिक्षक सोहनी सामान टांग्यात चढवून चाचींच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. "घ्या ना, चाची." "हात पिठात हायत, मास्तर." "मग खुंटीला अडकवतो." "तिथं नगं." खुंटीला एक गंजकी किल्ली लटकत होती. "ही कुणाची?" "आमच्या पोराची, दिलदारची. इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला लागला, तवा ठिवून गेलता." "आता येत नाही?" "किल्ली दिल्यावर कशाला यील?" एका दाखल्यावरून नियम सिद्ध होत नाही, हे सोहनी वर्गात शिकवत असत. तरीही त्यांनी आपली किल्ली पुन्हा खिशात टाकली. किल्ली द्यायला तरी माणूस परत येईल, एवढ्यासाठी चाची ती घेत नव्हत्या.