अंबादासांची भूक

आहारतज्ज्ञ मृदुला कोरेने समोरच्याची भूक जाणवून देणारी पट्टी स्वतःच्या मनगटाला लावली, तशी समोर बसलेल्या अंबादास बोद्धूल यांची भूक तिच्या पोटात उतरली. अंबादास आठ तास यंत्रमागावर उभे राहून थेट दवाखान्यात आले होते. काहीतरी गोड खावं म्हणून मृदुलाचा जीव कासावीस झाला.

“रक्तातली साखर काठावर आहे म्हणून मी भाकरी बंद करायला सांगितली होती,” ती म्हणाली.

“केली की, बाई. पण दुपारी चारला राहवत नाही. मग पेढा खातो.”

“मलाही राहवलं नसतं.” मृदुलाने आहाराचा जुना तक्ता फाडला. “दुपारी दोन भाकऱ्या, डाळ, भाजी खा. चारला माग थांबवून मूठभर फुटाणे.”

“मुकादम माग थांबवू देत नाही. ही पट्टी एकदा त्याला लावाल का?”

“त्याचा नंबर द्या,” मृदुला म्हणाली.