राहून गेलेली खिडकी

गवंडी अप्पांनी हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं, पण मागच्या खोलीला खिडकी काढायची राहून गेली. म्हातारपणी नेमकी तीच खोली त्यांच्या वाट्याला आली. भर दुपारी दिवा लावावा लागायचा. शेवटी अप्पांनी छन्नी-हातोडी बाहेर काढली, महिनाभर खपून चांगली ऐसपैस खिडकी काढली आणि तिच्या कट्ट्यावर शेवंतीच्या, पुदिन्याच्या कुंड्या मांडल्या. उन्हं थेट पलंगावर यायला लागली.

एरवी त्या खोलीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. आता सून चहाचा कप घेऊन तिथेच टेकू लागली, नातीने अभ्यासाचं टेबल आणून टाकलं. मग एका रविवारी मुलगा खाली मान घालून म्हणाला, "अप्पा, पोरीचं परीक्षेचं वर्ष आहे. तिला उजेड हवा. तुम्हाला काय, नुसतं पडायचंच तर असतं."

"खरंय रे," अप्पा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत त्यांचा पलंग अडगळीच्या खोलीत गेला. सून अगदी मनापासून म्हणाली, "तुमच्या हाताला गुण आहे, अप्पा. या खोलीचंही सोनं कराल तुम्ही!"

ती गेल्यावर अप्पांनी भिंतीवरून हात फिरवला. चारही बाजूंना घरातल्याच खोल्या. खिडकी काढायला बाहेरची भिंत एकही नव्हती. घर बांधताना बायको म्हणालीही होती, "अहो, ही खोली अगदीच अंधारी होतेय."



"अडगळीला कशाला हवाय उजेड?" तेव्हा अप्पाच हसून म्हणाले होते.