बालकेर्नची बाई

रोडपालीच्या फ्लॅटमध्ये बसून प्रभाकर आपल्या मुलीचं पुस्तक पुरं करत होते. चारुता स्कॉटलंडमध्ये राहून बालकेर्न नावाच्या मध्ययुगीन जमीनदार घराण्याचा इतिहास लिहीत होती. गेल्या हिवाळ्यात ती तिथेच आजारी पडली आणि गेली.

शेवटचं प्रकरण घराण्याच्या अखेरच्या जमीनदारणीवर होतं. तिची एकुलती एक मुलगी तापाने गेली, वंश बुडाला, जमिनी परक्यांच्या हाती गेल्या. त्या आईच्या थडग्याचा फोटो चारुताने काढला होता. दगडात कोरलेली बाई उताणी निजलेली, छातीवर हात जोडलेले, नजर आभाळाकडे.

सुरुवातीला तरी ती आभाळाकडे होती. पण रोज फोटो उघडला की मान आणखी थोडी कललेली दिसे. जोडलेले हातही उकलत चालले होते. प्रभाकर याबद्दल कुणाशी काही बोलले नाहीत.

एका दुपारी त्यांची बायको कुमुद चहा घेऊन आली आणि स्क्रीनपाशी थबकली.

“अहो, फोटो काढताना चारू कुठे उभी असेल?”

“थडग्याच्या डाव्या बाजूला. का गं?”

“ही बाई तिच्याकडेच बघतेय.”

दगडी हात आता पुढे पसरलेले होते, लेकराला उचलून घ्यायला पसरावेत तसे.

मुलगी गेल्यापासून कुमुद एकदाही रडली नव्हती. आता तिचा बांध फुटला. ती स्क्रीनसमोर वाकली.

“बाई, ती आमची आहे हो. द्या ना परत.”

दोघांच्या देखत त्या बाईने मान फिरवली, आणि हात छातीशी घट्ट आवळून घेतले.