पहिल्या पन्नास ओळी

“माणूस म्हणजे मालमत्ता नव्हे, बाई,” साहेब म्हणाले. “आणि पडद्यावरचं हे टेबल मालमत्तेच्या किमतीप्रमाणे लावलंय. महागडं यंत्र वर, स्वस्तातलं खाली. यात न कळण्यासारखं काय आहे?”

कंट्रोल रूममधल्या ऑपरेटर बाईंना सगळं कळत होतं, म्हणूनच त्यांचं डोकं फिरलं होतं. कारखान्यात दोनशे चौदा जागी मापकं बसवलेली. प्रत्येकाची टेबलात एक ओळ. कुठे काही बिघडलं की ती ओळ लाल होते आणि भोंगा वाजतो. पण भिंतीवरच्या पडद्यावर मावतात पन्नासच ओळी, आणि साहेबांच्या हुकमावरून भोंगाही त्या पन्नासांनाच ठेवलेला. पूर्वी तो कशालाही वाजायचा आणि त्यामुळे साहेबांच्या मीटिंगा बिघडायच्या. खालच्या ओळी बघायच्या तर टेबल सरकवायला पासवर्ड लागे, आणि तो साहेबांनी कोणालाही सांगितला नव्हता. हात लावणारे कमी झाले की चुका कमी होतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

“विश्रांतीच्या खोलीतलं विषारी वायूचं मापक वर घ्या, एवढंच म्हणतेय मी,” बाई कडाडल्या. “भट्टीला लागून भिंत आहे तिची. तीन दिवस माणसं तिथून डोकं धरून बाहेर पडतायत. त्या वायूला वास नसतो, साहेब!”

“त्या खोलीत यंत्र कोणतं आहे?”

“यंत्र नाही. बाकडी आहेत.”

“मग किंमत शून्य. शून्याला वर कसं घेणार?” साहेब खुर्चीत मागे रेलले. “आणि हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय ते कळतं मला. तुमच्या दिराला नोटीस दिली म्हणून. अहो, कामावर झोपला होता तो! मी स्वतः पाहिलंय. मंगळवारी दुपारी अडीच वाजता बाकड्यावर आडवा. हलवलं तरी उठेना. इतकी गाढ झोप मला घरीसुद्धा लागत नाही.”

बाईंनी मुठी आवळल्या. दीर पंधरा वर्षं इथे फिटर. आज संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा दिला नाही तर उद्यापासून घरी. सकाळी तो कोरा कागद पुढ्यात घेऊन बसला होता. “वहिनी, मी झोपलो नव्हतो हो,” एवढंच परत परत म्हणत होता. “टेकलो, तेवढं आठवतंय. पुढचं काय लिहू?”

सॉफ्टवेअर कंपनीने एका दिवसासाठी पाठवलेला माणूस कीबोर्डवर बोटं ठेवून बसला होता. सकाळपासून सगळे त्याला टेबलवाला म्हणत होते आणि त्याची काही तक्रार नव्हती. त्याच्याजवळ सगळ्या ओळींची क्रमवार छापील यादी होती. बाईंनी ती त्याच्या हातातून ओढली आणि शेवटचं पान उघडलं.

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. बाईंना ओळखणारी माणसं अशा वेळी दाराकडे सरकत. साहेब बसूनच राहिले.

“साहेब, तुमच्या केबिनमध्येही मापक आहे ना?”

“अर्थात.”

“दोनशे बारावी ओळ. यंत्र नाही, किंमत शून्य. दोनशे अकरावर संडासाचा पंखा आहे.”

साहेबांनी यादी हिसकावून घेतली. दोनदा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

“संडासाचा पंखा माझ्या वर?”

“पंख्याला किंमत आहे,” टेबलवाल्याने माहिती पुरवली.

साहेबांची कानशिलं तापली. माणसं मालमत्ता नाहीत हे मत त्यांनी आयुष्यभर बाळगलं होतं, पण त्या माणसांत आपण धरलेलो नाही असं ते समजून चालले होते. “ताबडतोब वर घ्या मला! हा काय चावटपणा आहे?”

“तुम्हाला एकट्याला नाही घेता येत, साहेब. टेबल रकान्याप्रमाणे लागतं. ‘इथे माणसं बसतात’ असा नवा रकाना टाकला आणि त्याला पहिला मान दिला, तर तुम्ही वर येता. पण मग माणसं बसतात त्या सगळ्याच जागा वर येणार.”

“येऊ देत! तो पंखा आधी खाली गेला पाहिजे.”

साहेबांनी तळहाताचा आडोसा करून पासवर्ड टाकला. टेबलवाल्याने रकाना भरला, चार ठिकाणी टिचक्या मारल्या. पडदा क्षणभर कोरा झाला, मग ओळी भराभरा जागा बदलू लागल्या. अवाढव्य कॉम्प्रेसर निमूट तीन पायऱ्या उतरला. पंखा पार तळाला गेला. पहिल्या ओळीत साहेबांची केबिन झळकली, हिरवीगार. साहेबांनी समाधानाने श्वास सोडला.

तो पुरता सुटायच्या आत भोंगा वाजला.

तिसरी ओळ लाल होती. विश्रांतीची खोली.

बाई माइकवर तुटून पडल्या. “विश्रांतीची खोली रिकामी करा! आत्ताच्या आत्ता! कोणी आडवा झाला असेल तर ओढून बाहेर काढा, उठायची वाट बघू नका!”

खालून धावणाऱ्या पावलांचा आवाज आला. कोणीतरी दार आपटलं. काचेतून दिसलं, की दोघं जण तिसऱ्याला बगलेत धरून उघड्यावर आणत होते.

“हे आत्ता झालंय!” साहेब भोंग्याच्या वर ओरडले. “आत्ताच झालंय हे, तुमच्या या उलथापालथीमुळे! इतका वेळ सगळं ठीक होतं!”

टेबलवाल्याने त्या लाल ओळीचा शेवटचा रकाना भिंतभर मोठा केला.

‘लाल कधीपासून: मंगळवार, दुपारी एक वाजून पन्नास मिनिटं.’