वाटणीची पिसं

"मारुती, माझ्याकडचं उजवं पीस तुला देतो, तुझ्याकडचं डावं मला दे," भिंतीपलीकडून विश्वासराव म्हणाला. "दोघांचेही बाण होतील."

मारुती आपल्या अंगणात बसला होता. पिसं चिकटवायच्या सरसाच्या मडक्याखाली काटक्या सारत होता. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा ही भिंत घातलेली, आणि तेव्हापासून तिच्यावरून आलेला हा पहिलाच शब्द. तोसुद्धा अडलं म्हणून. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनाशी म्हणून मारुतीला जरा बरं वाटलं. मग त्यातलं गाढव कोण ते लक्षात आलं, आणि वाटेनासं झालं.

उद्या दसरा. सीमोल्लंघनाला दरबार, म्हणजे धारचे महाराज, वेशीवरून एक बाण सोडतात, तो याच घरातला, बाण बनवणाऱ्या तीरगरांच्या. त्याला पिसं लागतात गिधाडाची, तीही आपोआप गळालेली. पक्षी मारून उपटलेलं पीस त्या बाणाला चालत नाही. संवत छप्पनच्या दुष्काळात गिधाडं माजली होती, तेव्हा भिल लोक पिसांचे भारे आणून टाकत. यंदा त्यांनी नालछ्याच्या पुढचं सारं रान पालथं घातलं, तरी सहाच मिळाली. ती भावांनी वाटून घेतली. एक तुला, एक मला. बाणाला तीन लागतात, म्हणजे वाटणी कशी अगदी चोख.

पण ती तिन्ही एकाच पंखाची लागतात, डाव्या तरी नाहीतर उजव्या तरी. दोन्ही पंखांच्या पिसांचा बाक उलटसुलट असतो. एकत्र बांधली तर बाण दारू प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या खातो. तीरगराच्या पोराला हे चालायच्या आधी कळतं. वाटताना मात्र दोघांचेही डोळे पिसांवर नव्हतेच, एकमेकांच्या हातांवर होते. मारुतीकडे दोन उजवी आली न् एक डावं. विश्वासरावाकडे दोन डावी न् एक उजवं.

शस्त्रागाराच्या कारभाऱ्यांनी बजावून ठेवलं होतं, दोघांनीही बाण आणा. ज्याचा सरळ जाईल तो दरबारचा तीरगर, दुसऱ्याने दुसरा धंदा बघावा; बंदुकीच्या जमान्यात एक तीरगर पुष्कळ झाला. आणि एकही बाण आला नाही, तर दरबार बंदुकीचाच बार काढतील.

"काय म्हणतोस?" विश्वासरावाने पुन्हा विचारलं.

"माझं पीस घेऊन तू बाण बांधणार, आणि उद्या साऱ्या धारच्या देखत माझंच नाक कापणार. बहुत खूब, भिया."

"नीट बांधलास तर तुझाही जाईल."

ते 'नीट बांधलास तर' मारुतीला मिरचीसारखं लागलं. थोरल्या भावाचा, भियाचा, हात चांगला, हे धरमपुरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मारुतीला सगळ्यांच्या आधीपासून. लहानपणी त्याच्या बांधणीवरून भिया नुसतं बोट फिरवायचा, आणि काही न बोलता सोडून पुन्हा बांधायचा. दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"देऊन टाका ना हो," दुर्गा, त्याची बायको, हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांचं आलं की तुमचाही बाण होतो."

"भियाचाही होतो. ते दिसत नाही तुला?"

"मला चूल दिसते. तीरगरी गेली तर तिच्यावर काय ठेवू?"

मारुतीने डावं पीस उचललं. देठ चिमटीत धरून दोनदा फिरवलं. मला नाही ना, मग तुलाही नाही, असं म्हणून त्याने ते मडक्याखालच्या विस्तवात घातलं.

गिधाडाचं पीस जळतं तेव्हा आळी नाक धरते. पलीकडे बाणाच्या बांधणीची तात वळण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. मारुती सरसावून बसला. आता भिया शिव्या देणार. द्यायलाच हव्या होत्या, कारण मारुतीकडे सगळ्याची उत्तरं तयार होती: विहिरीकडची बाजू कोणी लाटली, आईच्या पाटल्या कोणाच्या पेटीत गेल्या, सगळ्याची.

विश्वासरावाचं डोकं भिंतीवर दिसलं. त्याने विस्तवाकडे पाहिलं, मारुतीकडे नाही. मग त्याचा हात वर आला, आणि त्याने आपलं उजवं पीस भिंतीवर ठेवलं.

"माझा बाण आता होत नाही. तुझा होतो," तो म्हणाला. "दसऱ्याला या घरचा बाण गेला नाही असं कधी झालेलं नाही, म्हणून देतोय. तुझ्यासाठी नाही. आणि आजपासून मला भिया म्हणायचं नाही."

"तुझी भीक नको मला."

पण तोवर डोकं भिंतीखाली गेलं होतं. मारुतीची सगळी उत्तरं तोंडातच राहिली. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. वारा यावा आणि ते पीस उडून जावं, असं त्याला फार वाटलं. वारा काही आला नाही.

दुर्गा उठली. भिंतीवरचं पीस घेतलं, त्याची धूळ फुंकली आणि नवऱ्यापुढे धरलं. तिनेही त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"बांधा," ती म्हणाली. "सरस आळतोय."