सुट्या भागांचा खंजीर

रुमालाची गाठ सोडून रेमंडने खंजिराचे तुकडे अलीमियाँच्या काउंटरवर ओतले. पातं, म्यान, पिवळी मूठ, गरुड कोरलेला आडवा दांडा, टोकाची गुंडी. गुंडी काचेवरून घरंगळत गेली, ती मॅगीने पकडली.

"नकली आहे, अलीचाचा," रेमंड म्हणाला.

अलीमियाँनी डोळ्याचं भिंग काढलं. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान एवढं अरुंद, की नवराबायको दोघं आत शिरल्यावर पंख्याचा वाराही पोचेना.

"मोडला कोणी?"

"मोडला नाही, उघडला. सौदीच्या पुलाच्या कामावरचा एक इंग्रज इंजिनिअर आमच्या हॉटेलात उतरलाय. तो पण हेच जमवतो. मी हौसेने दाखवायला नेला, तर त्याने गुंडी फिरवून सगळं टेबलावर सुटं केलं नि वेटरांसमोर हसला. पातं एका कारखान्याचं, मूठ दुसऱ्याची, हा दांडा तर कानशीने घासून बसवलाय. म्हणाला, लढाई संपल्यावर जर्मनीतल्या कारखान्यांत जे उरलं होतं ते जोडून तिथले लोक सोल्जरना विकायचे. आठवण म्हणून घरी न्यायला. कुठल्याही ऑफिसरच्या कमरेला हा लागलेला नाही!"

रेमंड वसईचा, हॉटेलात स्टोअरकीपर. बहरीन सोडून निघालेल्या गोऱ्यांच्या सामानात तो फौजी खंजीर शोधत फिरायचा. आधी मिळालेलेही असेच जोडलेले निघाले होते. हा मात्र खरा म्हणून त्याने भिंतीवर मधोमध लावला होता, आणि त्यासाठी मॅगीचा टू-इन-वन, रेडिओ नि टेप एकत्र असलेला, अलीमियाँना देऊन टाकला होता. इटलीतली टेकडी, हात वर केलेला जर्मन ऑफिसर, त्याच्या पट्ट्यातून खंजीर उपसणारे तरुण अलीमियाँ, हे सगळं तो दर शुक्रवारी घरी येणाऱ्या मंडळींना रंगवून सांगायचा. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

"मला माझा टू-इन-वन पाहिजे," मॅगी म्हणाली. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून ती थेट इथे आली होती.

अलीमियाँनी फळीवरून टू-इन-वन काढला. आतली कॅसेट, खेडहून त्यांच्या बायकोने, अख्तरुन्निसाने, पत्राऐवजी बोलून पाठवलेली, काढून खिशात ठेवली आणि टू-इन-वन मॅगीपुढे सरकवला. रेमंड भांडायच्या तयारीने आला होता. आता त्याला भांडताही येईना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काय? माझ्यासमोर जोडलाय."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? त्या दिवशी दुकानात पाय ठेवल्यापासून तूच मला सांगत होतास. ऑफिसर असा होता, त्याचा पट्टा तसा होता. मला वाटलं, याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल."

मॅगीला हसू फुटलं.

अलीमियाँनी तुकडे जवळ ओढले. पात्याच्या शेपटीवर दांडा चढवला, त्यावर मूठ.

"आफ्रिकेत टोब्रुकच्या लढाईत पकडलं आम्हाला. आधी इटली, मग जर्मनी. तीन वर्षं. ऊठ म्हटलं की उठायचं, दगड फोड म्हटलं की फोडायचे. एक दिवस बघतो तर कॅम्पचा दरवाजा उघडा, पहारेकरी मफी, एकही नाही. चालत गावात गेलो. सुऱ्या-कात्र्या बनवणारं गाव. सगळं पडलेलं. रस्त्यावर एक बाई टेबल मांडून बसलेली. एका खोक्यात पाती, एकात मुठी. खुणेनं विचारते, तुला कसा पाहिजे?"

त्यांचे हात थांबले.

"तीन वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. तिला वाटलं, याला पसंत नाही. तिनं एकेक करून सगळी खोकी माझ्यापुढं पालथी केली."

"मग?" मॅगीने विचारलं.

"मग काय, बसलो निवडत. ही मूठ बघ, ती मूठ बघ. अख्खी दुपार घालवली. हा दांडा आवडला तर तो बसेना. ती म्हणाली नाही की दुसरा घे. कानस काढली नि घासत बसली. कैद्यांना यायच्या त्या रेड क्रॉसच्या पेटीतल्या सिगारेटी होत्या, त्या दिल्या तिला."

मॅगीने गुंडी पुढे केली. अलीमियाँनी ती फिरवून घट्ट बसवली. रेमंडने आदल्या दिवशी किती खटपट केली होती, तेव्हा मूठ नुसती गरगर फिरत होती.

"असू दे, अलीचाचा," रेमंड एकदम म्हणाला. "राहू दे माझ्याकडेच." त्याने टू-इन-वन परत ढकलला. मॅगीने "रेमंड!" म्हटलं खरं, पण तिने टू-इन-वनवरचा हात काढून घेतला होता. येत्या शुक्रवारी ही बाई, ती खोकी कशी रंगवून सांगायची, ते रेमंडच्या डोक्यात जुळायलाही लागलं होतं.

अलीमियाँनी खंजीर म्यानात घातला, खणात ठेवला आणि किल्ली फिरवली. मग टू-इन-वन उचलून मॅगीच्या हातात दिला.

"आता नाही."

"का? अहो, तोच सौदा आहे! मी तक्रार मागे घेतो ना!"

"तुला ऑफिसरचा पाहिजे होता ना?" अलीमियाँनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "तसला माझ्याकडे नाही."