तुटलेला टॅप

इंजिनच्या बोल्टच्या भोकात आटे पाडताना टॅप, म्हणजे आटे पाडायचा कडक पोलादी दांडा, आतच तुटला. तोही नेमका आज, चारच्या बसने मी कायमचा मावशीकडे निघणार होतो तेव्हा.

“हात आहेत की हातोडे?” पप्पांनी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं. “तुकडा बाहेर आल्याशिवाय तूही बाहेर जायचं नाहीस.”

टॅप ड्रिलला दाद देत नाही. शेवटी सायकलच्या स्पोकचे तुकडे घासून बारीक केले, टॅपच्या खाचांत घातले आणि पकडीने उलटं फिरवत बसलो. डोकं इतकं तापलं होतं की घण घालून इंजिनच फोडावंसं वाटत होतं. साडेतीनला तुकडा सुटून हातात आला.

भोकात टॉर्च मारला तर खाली आणखी एक तुकडा, गंजलेला! माझा टॅप त्यावरच अडकून तुटला होता.

“पप्पा, हा कुणाचा?”

ते फडक्याने हात पुसत राहिले. “माझा. मागच्या वर्षीचा. आखूड बोल्ट लावून झाकला होता. आठवडाभर झटलो, पण मला नाही काढता आला.”

“मग आता मला जाऊ द्या.”

“आता? तुटलेला टॅप काढणं मला जमलं नाही, ते तू करून दाखवलंस. आता कसा सोडू तुला?”